वाऱ्याला वाट

पतंग विकत घ्यावयाचा म्हणजे त्यांत निवडावयाचें तें काय, असें दोन वर्षांपूर्वीं आम्हांला कोणीं विचारलें असतें, तर आम्हीं त्याला उत्तरच दिलें नसतें. ज्या गांवांत भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस लहानथोर माणसें जेवणखाण विसरून गच्च्यांवर मुक्काम ठोकतात, त्या येवल्यांत आमचें बालपण गेलें. बांबूची कामटी दोन बोटांत वाकवून पाहावी, कागद उजेडाकडे धरून त्याला कोठें बारीक छिद्र तर नाहीं ना हें न्याहाळावें, डावें-उजवें अंग सारखें आहे कीं नाहीं हें बोटावर तोलून घ्यावें, आणि दुकानदारानें पुढें केलेला पतंग बाजूस सारून त्याच्या खालचा तिसरा उचलावा, एवढ्यांत आमची निवड संपत असे. आणि त्या निवडींत आम्ही सहसा चुकत नसूं. पुढें आयुष्यांत नोकरी, बिऱ्हाड, विम्याची पॉलिसी इत्यादि ज्या ज्या निवडी केल्या, त्यांच्याविषयीं इतक्या खात्रीनें बोलण्याची आमची तयारी नाहीं. पण पतंगांतलें आपल्याला कळतें, हा अभिमान मात्र आम्हीं पासष्टी उलटेपर्यंत शाबूत राखला होता.

त्या अभिमानाला पहिला धक्का बसला तो गेल्या उन्हाळ्यांत, आणि बसला तोहि समुद्रापार, कॅलिफोर्नियांत. आमचा मुलगा नोकरीनिमित्त कित्येक वर्षें बर्कलेनजीक राहतो. त्याच्याकडे आम्ही उभयतां चार महिन्यांकरितां गेलों होतों. बर्कलेच्या किनाऱ्यावर, उपसागराच्या अगदीं काठाशीं, सीझर चावेझ या शेतमजुरांच्या पुढाऱ्याच्या नांवाचें एक विस्तीर्ण उद्यान आहे. एके काळीं तेथें शहराचा कचरा टाकीत. पुढें त्यावर माती पसरून आणि गवत वाढवून त्याचें मैदान केलें. त्यामुळें जमीन सपाट नाहीं. जागोजागीं उंचवटे आहेत. समोर पाण्यापलीकडे गोल्डन गेटची खिंड आणि तिच्यावरचा तो जगप्रसिद्ध तांबडा पूल. उन्हाळ्यांत प्रांताच्या अंतर्भागांतील खोरीं तापतात, तेथील हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घेण्याकरितां पॅसिफिक महासागरावरची थंड, जड हवा डोंगरांच्या रांगेंतील या खिंडींतून आंत घुसते. ती सुटते ती नीट बर्कलेच्या तोंडावर. सकाळीं धुकें, दुपारीं वारा आणि संध्याकाळीं अंगांत स्वेटर, असा तेथील जुलै महिना आम्हीं अनुभवला. पाण्यावरून येईपर्यंत हा वारा सभ्य माणसासारखा सरळ चालत येतो. पण मैदानांतील उंचवट्यांवर आपटला कीं त्याच्या घड्या मोडतात, आणि उंचवट्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत तो कधीं गप्प, कधीं अंगावर धांवून येणारा, असा लहरी होऊन जातो.

या मैदानावर एके दिवशीं दुपारीं आम्ही नातवाचा हात धरून फिरत असतां समोरच्या आकाशांत एक पतंग थांबला. वाचकांना या वाक्यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. पण ज्यांनीं संक्रांतीचा पतंग उडविला आहे त्यांनीं क्षणभर विचार करावा. आपला पतंग ओढला म्हणजे नाक असेल तिकडे धांवतो, ढील दिली म्हणजे डोलतो, गिरक्या घेतो. ओढ आणि ढील या दोन अक्षरांत त्याचें सारें व्याकरण संपतें. हा पतंग मात्र वेगानें खालीं आला, जमिनीपासून हातभर अंतरावर नाक खालीं करून खिळल्यासारखा उभा राहिला, मग नाक खालींच ठेवून मागच्या मागें वर चढूं लागला, मध्येंच आपल्याच पोटाभोवतीं चक्रासारखा फिरला, आणि शेवटीं खेकड्याप्रमाणें तिरपा चालत दुसऱ्या टोकाला गेला. "आजोबा, हा उलटा जातो!" असें नातू ओरडला. आम्हीं त्याला, "अरे, वाऱ्यानें ढकलला असेल," असें गंभीरपणें सांगितलें. वडील माणसांच्या अज्ञानाला असे पुष्कळ पोशाख असतात.

जवळ गेल्यावर उलगडा झाला. त्या पतंगाला एक नव्हे, चार दोऱ्या होत्या. आकार असा कीं जणूं दोन त्रिकोणी पताका शेजारीं शेजारीं टोकें खालीं करून एकाच लांब काठीला टांगाव्यात. वरच्या काठीच्या दोन अंगांना दोन दोऱ्या, आणि खालच्या दोन टोकांना दोन. उडविणाऱ्याच्या प्रत्येक हातांत एक वांकडी मूठ. तिच्या वरच्या टोकाला त्या अंगाची वरची दोरी, खालच्या टोकाला खालची. मुठीचें वरचें टोंक आपल्याकडे कलविलें कीं पतंगाचें तें अंग पुढें जातें. खालचें टोंक कलविलें कीं तेंच अंग मागें फिरतें. दोन्ही हात सारखे कलविले तर सबंध पतंग पुढें किंवा मागें; एक हात पुढचा आणि एक मागचा केला कीं तो जागच्या जागीं वळतो. गाडीवान एका बैलाला थोपवून दुसऱ्याला चुचकारतो आणि बैलगाडी अरुंद गल्लींत फिरवितो, तसाच हा प्रकार. खालच्या दोऱ्यांना तिकडे 'ब्रेक' म्हणतात. साठ वर्षें आम्हीं पतंग पाहिले, पण पतंगालाहि ब्रेक असावा ही कल्पना आमच्या मनाला कधीं शिवली नव्हती.

या वस्तूचा वंश फार जुना नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमारांतील खलाश्यांना विमानांवर नेम धरण्याचा सराव व्हावा म्हणून पॉल गार्बर या गृहस्थांनीं दोन दोऱ्यांनीं सुकाणू फिरवितां येईल असा पतंग केला. आकाशांत विमानासारखा वळणारा तो पतंग म्हणजे तोफांचें लक्ष्य. पुढें १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें पीटर पॉवेल यांच्या दोन दोऱ्यांच्या पतंगानें हा खेळ घरोघरीं नेला. आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतीलच सॅन डिएगो शहरीं जो हॅडझिकी आणि त्यांचे दोन बंधु यांनीं चार दोऱ्यांचा हा पतंग सिद्ध केला व त्याला 'रेव्होल्यूशन' असें नांव दिलें. नांवांत थोडी बढाई आहे. पण जो पतंग थांबतो आणि मागें जातो, त्याला ती शोभून दिसते.

घरीं आल्यावर नातवानें अर्थातच हट्ट धरला. त्याचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, संगणकाच्या पडद्यावरून डोळे न काढतां म्हणाले, "आजोबांना विचार. पतंगांतलं त्यांना कळतं."

एवढेंच वाक्य, पण तें ऐकून आमचें कुटुंब चहा गाळतां गाळतां थांबलें आणि त्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. त्या पाहण्याचा अर्थ वाचकांना सांगणें प्राप्त आहे, आणि तो सांगण्यास आम्हांला मुळींच आनंद होत नाहीं.

मुलगा दहावींत होता तेव्हांची गोष्ट. आम्ही नोकरीमुळें नाशकास बिऱ्हाड करून होतों, तरी संक्रांतीला येवल्यास जाण्याचा नेम चुकत नसे. त्याच्या हातांत जी आसारी असे ती आमच्या वडिलांनीं सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेली होती; तिच्यावर आम्हीं आमचें बालपण गुंडाळलें होतें आणि मग ती त्याच्या हातीं दिली होती. त्या वर्षीं पूर्वपरीक्षेंत त्याला गणितांत फार कमी गुण मिळाले. निकाल कळला तो भोगीच्या आदल्या दिवशीं. येवल्याच्या घरीं पोंचतांच तो आसारी घेऊन जिना चढूं लागला, आणि आमचें डोकें फिरलें. आम्हीं ती त्याच्या हातांतून ओढून घेतली आणि जिन्याच्या दगडी पायरीवर आपटून तिचे तुकडे केले. मुलगा रडला नाहीं, बोलला नाहीं. खालीं बसून सुटलेला दोरा गोळा करीत राहिला. पुढें परीक्षेंत त्याला गणितांत चांगले गुण पडले, आणि तें आमच्या त्या पराक्रमाचेंच फळ, असें आम्ही कित्येक वर्षें चारचौघांत सांगत होतों. त्यानें त्यानंतर पतंगाला हात लावला नाहीं. दोऱ्याची ती गुंडी आमच्या कुटुंबानें पेटींत ठेवून दिली, ही गोष्ट आम्हांला फार मागाहून कळली. घरांत याविषयीं कधीं एक अवाक्षरहि निघालें नाहीं. आणि आतां तीस वर्षांनीं हें वाक्य: पतंगांतलें त्यांना कळतें.

तेव्हां ही निवड चुकतां कामा नये, असा आम्हीं मनाशीं निश्चय केला.

चौकशीअंतीं असें दिसलें कीं त्या एकाच आकाराचे पतंग मुख्यतः तीन तऱ्हांनीं शिवतात. एक सबंध कापडाचा. दुसरा अर्ध्या जाळीचा. म्हणजे वरच्या काठीखालच्या कांहीं पट्ट्या कापडाच्या न ठेवतां तेथें बारीक जाळी बसविलेली. तिसरा पूर्ण जाळीचा. त्यांत कापडाहून जाळीचाच पसारा डोळ्यांत भरतो. पहिला मंद वाऱ्याकरितां, तिसरा सोसाट्याच्या वाऱ्याकरितां, आणि दुसरा मधला. आमचा पहिला कौल पडला तो निःशंकपणें सबंध कापडाला. त्याचीं कारणें दोन. एक तर ज्या पतंगाची ओढ अधिक तो पतंग चांगला, हें येवल्याचें शास्त्र. दुसरें, जाळी म्हणजे अखेर भोकें; आणि भोकांचे पैसे मोजावे असें आमच्या घराण्यांत कोणाला शिकविलेलें नव्हतें. किंमत ऐकून कुटुंबानें, "एवढ्यांत येवल्याला पैठणी आली असती," असा शेरा मारला होताच. निदान पैठणीला भोकें तरी नसतात.

नातू मात्र या काळचा. त्याला शास्त्रापेक्षां मोजमाप प्रिय. त्याच्यापाशीं वाऱ्याचा वेग मोजण्याचें खिशांत मावणारें एक यंत्र होतें. तें घेऊन आम्ही दोघे आठ दिवस दुपारीं मैदानावर गेलों आणि आंकडे टिपीत बसलों. सरासरी वेग निघाला ताशीं वीस किलोमीटरच्या आसपास. इंग्रज आरमारांतील ब्यूफोर्ट साहेबांनीं १८०५ सालीं वाऱ्याची जी प्रतवारी लाविली, तींत ताशीं २० ते २८ किलोमीटरच्या वाऱ्याला 'मध्यम' म्हणतात; धूळ आणि सुटे कागद उडावे, झाडांच्या लहान फांद्या हालाव्या, ही त्याची खूण. म्हणजे वारा मध्यम. यांत घाबरण्यासारखें काय आहे? पण नातवानें वहींतील दोन आंकड्यांवर बोट ठेवलें. वारा गप्प बसे तेव्हां यंत्र १४ दाखवी, आणि झोत येई तेव्हां २८. "आजोबा, सरासरी वारा कधीं वाहतच नाहीं," असें तो म्हणाला. मुलांच्या तोंडून कधीं कधीं असें वाक्य निघतें कीं त्याचें वय विसरावें.

आणि येथें आणखी एक मेख आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. तिप्पट झाला तर नऊपट. म्हणजे १४ चा वारा २८ होतो त्या दोन-तीन क्षणांत हातावरचा भार चौपट होतो. सरासरीकडे पाहून पतंग घेणारा माणूस म्हणजे नदीची सरासरी खोली विचारून पाण्यांत उतरणारा. लहरी वाऱ्यांत विचारावयाचा प्रश्न निराळा: वारा पडेल तेव्हां हा पतंग तग धरील काय, आणि झोत येईल तेव्हां तो आपल्या हातीं राहील काय? दोन्ही प्रश्नांना एकाच पतंगानें 'होय' म्हणावें लागतें.

हें सारें आम्हांला पटलें असें मात्र नाहीं. गणितानें पटविण्याचा प्रयत्न झाला कीं आमच्यासारखीं माणसें अधिकच हट्टाला पेटतात. पटलें तें पुढच्या रविवारीं, आणि फार महागांत.

त्या दिवशीं चिरंजीवहि आमच्याबरोबर मैदानावर आले होते. पिकल्या दाढीचे एक गृहस्थ तेथें नेहमीं पतंग उडवीत. आमची उत्सुकता पाहून त्यांनीं आपला सबंध कापडाचा पतंग वर चढविला आणि मुठी आमच्या हातीं दिल्या. पहिलीं दोन मिनिटें आम्ही सुखांत होतों. मग उंचवट्यावरून एक झोत आला. पतंगानें नाक खालीं केलें आणि तो सुसाट सुटला. अशा वेळीं दोन पावलें पुढें जावें, हात पुढें सोडावे, खालच्या दोऱ्या आंवळाव्या, म्हणजे वेग मरतो, असें त्या गृहस्थांनीं आधीं समजावून सांगितलें होतें. पण हातांना येवल्याची संवय. आम्हीं दोन्ही मुठी छातीशीं ओढल्या आणि मागें सरलों. म्हणजे ज्या पतंगाचा वेग कमी व्हावयाचा, त्याला आम्हींच आणखी वारा घातला. तो जमिनीवर असा आदळला कीं त्याची वरची काठी मोडल्याचा आवाज आम्हांला शंभर फुटांवरून ऐकूं आला.

तो आवाज आमच्या ओळखीचा होता. आम्हीं मुलाकडे पाहिलें नाहीं.

ते गृहस्थ सावकाश चालत गेले, पतंगापाशीं गुडघे टेकून बसले, आणि पिशवींतून एक काळी नळी काढून पांच मिनिटांत त्यांनीं मोडलेली नळी बदलली. ही वरची काठी कार्बनच्या पोकळ नळ्यांची, आणि ती तीन तुकडे जोडून केलेली असते. मोडेल तो तुकडा तेवढा काढून नवा घालतां येतो. आम्ही ओशाळून पैसे देऊं लागलों, तेव्हां त्यांनीं हंसून नको म्हटलें. नळ्या मोडतातच, म्हणून पिशवींत दोन जास्त ठेवावयाच्या, एवढेंच त्यांचें म्हणणें. मग त्यांनीं तोच पतंग गुंडाळून अर्ध्या जाळीचा दुसरा काढला आणि पुन्हां मुठी आमच्या हातांत दिल्या. पुन्हां झोत आला. या खेपेस हाताला ओढ लागली, पण हिसका बसला नाहीं. झोतांतला कांहीं भाग जाळींतून निसटून गेला आणि राहिला तेवढाच पतंगानें घेतला. वारा पडला तेव्हां मात्र तो लगेच खालीं झुकूं लागला, आणि त्याला धरून ठेवण्याकरितां आम्हांला पांच-सहा पावलें मागें चालावें लागलें. भोकांचे पैसे कां मोजावयाचे तें आम्हांला त्या दहा मिनिटांत कळलें. जाळी फुकट नाहीं. मंद वाऱ्यांत ती उडविणाऱ्याला चालावयास लावते. पण झोतांत ती त्याची लाज राखते.

आतां ज्यांना अशाच मध्यम पण लहरी वाऱ्यांत हा खेळ खेळावयाचा आहे त्यांच्याकरितां आमच्या निवडीचा सारांश सांगून टाकतों. पहिला आणि एकच पतंग घ्यावयाचा असेल तर तो अर्ध्या जाळीचा घ्यावा. सबंध कापडाचा पतंग वाऱ्याच्या गप्प क्षणाला शोभतो, पूर्ण जाळीचा झोताला. लहरी वाऱ्यांत हे दोन्ही क्षण एकाच मिनिटांत येतात. नळ्या अगदीं हलक्या आणि लवचीक घेऊं नयेत. त्या मंद वाऱ्यांत छान. पण झोतांत वाकून पतंगाचा आकार बिघडवितात. दोऱ्या चारहि अगदीं सारख्या लांबीच्या असाव्या. बोटभर फरक पडला तरी पतंग एका अंगाला ओढूं लागतो. आम्हीं १२० फुटांच्या घेतल्या. लांब दोरीमुळें पतंगाला आकाश अधिक मिळतें आणि नवशिक्याला विचार करण्यास क्षणभर अवसर सांपडतो. या दोऱ्या मांजाच्या नव्हेत. त्या गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या असतात, आणि पतंगानें चार गिरक्या घेऊन त्यांचा पीळ पडला तरी एकमेकींवरून घसरत आपलें काम करीत राहतात. ज्या गांवांत दोरा दुसऱ्याचा दोरा कापण्याकरितां सुततात, तेथून आलेल्या माणसाला हा दोऱ्यांचा शेजारधर्म पाहून नवल वाटतें. तरी ताणलेली दोरी ती दोरीच. उडविणाऱ्याच्या पुढें आणि आजूबाजूला माणसांचा वावर नसावा, आणि विजेच्या तारांजवळ तर जाऊंच नये.

मुठींच्या वरच्या टोकाला दोरीचा एक लहान पदर असतो आणि त्यावर ओळीनें गांठी मारलेल्या असतात. वरची दोरी दूरच्या गांठीला अडकविली कीं खालच्या दोऱ्या तुलनेनें ताणल्या जातात, म्हणजे ब्रेक अधिक लागतो. पतंगाचा वेग आणि ओढ दोन्ही कमी होतात. वारा चढला कीं एक गांठ बाहेर जावें, उतरला कीं एक आंत यावें. नवा माणूस ब्रेकाला भितो, कारण ब्रेक वाढविला कीं पतंग सुस्त वाटतो. पण लहरी वाऱ्यांत थोडा सुस्त पतंगच दीर्घायुषी ठरतो. आणि या सर्वांहून मोठी निवड जागेची. आम्हीं सुरुवातीला उंचवट्याच्या आडोशाला, वारा कमी लागेल म्हणून उभे राहण्याची चूक केली. वारा तेथें कमी नव्हता, नुसता वेडावांकडा होता. पाण्याच्या काठीं वारा अधिक, पण सरळ. सरळ वारा जोराचा असला तरी त्याच्याशीं बोलतां येतें.

पतंग आला. नातू पंधरा दिवसांत तो थांबवूं लागला. मग एका रविवारीं दुपारीं त्यानें मुठी न बोलतां आपल्या वडिलांच्या हातांत दिल्या, आणि आमच्या मुलानें त्या घेतल्या. बाकावर शाल पांघरून बसलेल्या आमच्या कुटुंबानें हातांतलें विणकाम खालीं ठेवलें. दोन वेळां पतंग पडला. पण तो आदळूं न देतां अलगद टेकविण्याची युक्ति मुलाला तिसऱ्या खेपेस साधली. वीस मिनिटांनीं तो पतंग नाक खालीं करून गवतापासून हातभर वर उभा होता, आणि झोत येई तसा मुलगा एक पाऊल पुढें, वारा पडे तसा एक पाऊल मागें, असा आकाशाकडे डोळे लावून चालत होता. त्याचे हात चांगले आहेत. ते तसे असणार हें आम्हांला तीस वर्षांपूर्वींच माहीत असावयास पाहिजे होतें. नव्हे, माहीत होतें.

आम्ही त्याच्या शेजारीं जाऊन उभे राहिलों. बोलावयाचें तें आम्हीं घरून पाठ करून आणलें होतें, पण वाऱ्यांत त्यांतलें निम्मेंअधिक उडून गेलें. ती आसारी आम्हीं मोडावयास नको होती, एवढें कसेंबसें बोललों.

तो लगेच कांहीं बोलला नाहीं. पतंग जागचा हालला नाहीं, तेव्हां त्यानें ऐकलें कीं नाहीं अशी आम्हांला शंका आली. मग तो म्हणाला, "आसारीचं काही नाही, अण्णा. आसारी दुसरी मिळाली असती. पण तुम्हीसुद्धा त्यानंतर कधी गच्चीवर आला नाहीत."

हें मात्र आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें. त्या संक्रांतीला आम्हीं त्याचा पतंग बंद केला, एवढाच हिशेब आम्हीं मांडला होता. त्याच दिवशीं त्याचा पतंगांतला सोबतीहि आम्हीं काढून घेतला, हा आंकडा आमच्या वहींत नव्हताच. मुलगा अभ्यास करीत असतां बापानें गच्चीवर कसें जावें, असा विचार करून आम्ही खालीं बसलों. आणि मग खालींच बसून राहिलों. खालची दोरी एवढी आंवळून धरली कीं पतंग तर उतरलाच, पण हातांतल्या मुठी सोडून देण्याचेंहि आम्हांला सुचलें नाहीं. ब्रेक ही वस्तु वेग मारण्याकरितां आहे, खेळ मारण्याकरितां नव्हे, हें चार दोऱ्यांच्या पतंगाच्या पहिल्याच धड्यांत सांगतात. आम्हांला तो धडा अडुसष्टाव्या वर्षीं मिळाला.

"घ्या," असें म्हणून त्यानें मुठी आमच्यापुढें केल्या. आम्हीं त्या घेतल्या. नातू धांवत येऊन दुसऱ्या बाजूस उभा राहिला. समोर खिंडींत धुकें भरूं लागलें होतें आणि पुलाचे फक्त दोन मनोरे वर दिसत होते. म्हणजे वारा आतां चढणार. तसाच तो चढला. पतंगानें नाक वळविलें, हात सवयीप्रमाणें छातीकडे येऊं लागले.

"अण्णा, पुढं चला," मुलगा म्हणाला. "आणि खालची दोरी. थोडी. थोडीच."

आम्ही दोन पावलें पुढें गेलों.